आकडा न मागणाऱ्या बाई

नाही म्हटलं की खूश होणारं माणूस मी एकच पाहिलं. सांगलीच्या दवाखान्यातल्या बाई. मनाचं दुखणं बघणाऱ्या. त्यांच्या दारावर पाटी होती, पाटीवर इंग्रजीत बरंच काही होतं, पण आम्ही पेशंट त्यांना नुसतं बाई म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पाणी देऊ?" मी मान हलवून नको म्हटलं. खरं तर घशाला कोरड पडली होती. "पंखा वाढवू?" नको. "दार लोटून घेऊ?" नको. बाईंचा चेहरा असा फुलला, जसं काही मी त्यांच्या लेकीचं लग्न ठरल्याची बातमी आणली होती. "वा," त्या म्हणाल्या, "तीनदा नाही म्हणालात. आपलं जमणार."

मला वाटलं, ह्या बाईचंच डोकं जाग्यावर नाही.

मी मेंढरांमागं फिरणारी. औंधच्या पुढं माळावर आमचं गाव, पण वर्षातले आठ महिने घर घोड्याच्या पाठीवर असतं. दिवाळी झाली की आम्ही कृष्णाकाठाला उतरतो, पावसाच्या तोंडाला माळावर परततो. मी, माझे मालक, धाकटे दीर आणि त्यांची बायको सखू, असं आमचं बिऱ्हाड. सखू नात्यानं जाऊ, पण आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. डांबरी रस्ता आडवा आला की एकानं आधी पलीकडं जायचं, दोन्ही बाजू बघायच्या आणि रस्ता मोकळा दिसला की हाक मारायची. मग सगळा कळप उतरायचा. त्या दिवशी पलीकडं मी होते. रस्ता मोकळा होता. मी हाक मारली, "सखे, ये!" ती घोडं घेऊन पुढं झाली, तिच्या मागं मेंढरं, आणि वळणावरून डंपर आला.

सगळ्यांनी डंपरवाल्याला दोष दिला. हाक कुणी मारली हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दीर तेव्हा कळपाच्या शेवटाला होते. मेंढरांच्या गलक्यात त्यांना काय ऐकू गेलं असणार, असं मी धरून चालले. त्यांना कळलं तर ते आपली मेंढरं वेगळी काढून निघून जातील, दोन भावांचं बिऱ्हाड माझ्यापायी फुटेल, ही भीती मी रोज उशाला घेऊन झोपायची. आणि त्या दिवसापासून माझी हाक गेली. बोलता यायचं, पण हळू. मोठ्यानं साद घालायला तोंड उघडलं की आत कुणी दावं आवळल्यासारखं व्हायचं. मेंढरांमागच्या बाईला हाक नाही म्हणजे काय, हे आमच्यातल्यांनाच कळेल. यमाईला जाऊन आलो. गळ्यात ताईत झाला. घशाच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं, घसा धडधाकट आहे म्हणाला, आणि त्यानंच बाईंकडं चिठ्ठी दिली. माझा भाऊ विश्रामबागेत एका कॉलेजवर वॉचमन आहे. त्याच्या खोलीवर मी राहिले आणि दर मंगळवारी बाईंकडं जाऊ लागले. सांगायला नव्हे. न सांगता हाक परत मिळते का ते बघायला.

बाईंच्या खोलीत पेशंटची खुर्ची दाराजवळ होती आणि त्यांची आत, भिंतीला. दार कायम बोटभर उघडं. बाहेरच्या बाकावर कुणाला बसू देत नसत, त्यामुळं आतलं बोलणं बाहेर जायची भीती नव्हती. मी एकदा विचारलं, दार असं का? बाई म्हणाल्या, "मी कोयनानगरची. वडील धरणावर होते. भूकंपानं रॅकमधली भांडी वाजली की आम्ही पोरं अंगणात. आई आम्हाला कधी म्हणाली नाही की घाबरू नका. एवढंच म्हणायची, कडी लावू नका. निघता येतंय हे माहीत असलं की माणूस आत निवांत बसतं." मग खुर्चीकडं बोट करून म्हणाल्या, "उठून जावंसं वाटलं तर जायचं. मला विचारायचं नाही."

मी दोनदा उठून गेले. एकदा तर मधल्या वाक्यात. बाई मागं आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी त्यांनी ते वाक्य तिथूनच पुढं चालू केलं.

न सांगण्याच्या माझ्याकडं पुष्कळ वाटा होत्या. पहिले काही मंगळवार मी "सगळं बरं हाय" एवढ्यावर काढले. मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेऊ लागले, म्हणजे निम्मा वेळ खाण्यात जावा. बाई खायच्या. टेबलाखाली चपला भिरकावून, एक पाय खुर्चीवर दुमडून, मनापासून खायच्या, आणि डब्यातलं भडंग माझ्या पुढ्यात ओतायच्या. एकदा मी भावजयीला संगं नेलं. तिनं तासभर आपल्या सासूचं गाऱ्हाणं घातलं. जाताना बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज छान सुट्टी घेतलीत." आणखी एकदा मी पूर्ण वेळ मेंढरांच्या खुरांच्या रोगावर बोलले. बाईंनी मधे मधे नीट प्रश्न विचारले, औषध कुठलं, पाय कशात बुडवायचा. शेवटी म्हणाल्या, "खुरांचं समजलं. पुढच्या वेळी स्वतःचं सांगितलंत तरी चालेल. नसेल सांगायचं तर शिंगांचं सांगा."

एका मंगळवारी मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. पुन्हा गेले, पुन्हा फिरले. पुढच्या खेपेला खाली मान घालून बसले, म्हटलं आता बोलणी बसणार. मी खरं ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "फाटकापर्यंत आलात ना? मग अर्धं येणं झालं."

"तुमाला राग येत न्हाई व्हय?" मी विचारलं.

"येतो की. राग आला की मी समजते, घाई मला झालीय. तुम्हाला नाही."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मेंढरू दाव्यानं वढलं की पाय रोवतंय बगा. दावं ढिल्लं सोडलं की आपल्या आपण चालतंय."

बाईंनी हात वर केला. "थांबा थांबा. परत म्हणा." मी परत म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, "हे आम्हाला जाड पुस्तकात शिकवलं हो. आणि तरी मी ओढतेच."

लिहिण्याची त्यांची एक तऱ्हा होती. पेननं कधी लिहायच्या नाहीत. शिसपेन्सिल. वेळ संपली की कागद माझ्याकडं फिरवायच्या, त्यावर खोडरबर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वाचा. नको असेल ते खोडा." मी चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायचे. सुरुवातीला मी सगळंच खोडायचे, अगदी माझं गावसुद्धा. एकदा कागद घासून घासून फाटला. बाईंनी रबराची भुकटी फुंकली, फाटका कागद उजेडाकडं धरला आणि म्हणाल्या, "ह्यातून पलीकडचं झाड दिसतंय." पुढं पुढं मी कमी खोडू लागले. स्वतःविषयीचं लिहिलेलं आपल्याच हातानं ठेवायचं की काढायचं, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं.

पण बाईंचीही एक मोठी चूक झाली. त्यांच्याकडं एक पट्टी होती, शून्यापासून दहापर्यंत आकडे घातलेली. आल्या आल्या विचारायच्या, "आज त्रास किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही." मी गप्प. बाईंना वाटलं आकडे समजत नाहीत, म्हणून त्यांनी पट्टीवर तोंडं काढली, हसरं, रडकं. मी गप्प. मग दहा चिंचोके आणले. "त्रास असेल तेवढे चिंचोके माझ्याकडं सरकवा." मी सगळे गोळा करून त्यांच्या ओंजळीत परत दिले. असे तीन मंगळवार गेले. तिसऱ्या मंगळवारी कागद फिरून माझ्यापुढं आला, त्यावर लिहिलं होतं, "सहकार्य करत नाहीत."

मी ते वाचलं. खोडरबर हातात घेतला, पण खोडलं नाही. अंगातला सगळा धीर गोळा करून म्हणाले, "आमच्यात मोजत न्हाईत."

"काय मोजत नाहीत?"

"मेंढरं. कवाच न्हाई. परक्यानं इचारलं तरी सांगत न्हाई. मोजलं की कमी हुत्यात."

बाई म्हणाल्या, "अहो, मग त्रास मोजा की! कमी होईल."

मला हसू आलं. वर्षात पहिल्यांदा, आवाज निघेल असं हसू. त्या पण हसल्या. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. मग मी सांगितलं. डंपरनंतर पंचनामा झाला. आमची मेंढरं आयुष्यात पहिल्यांदा मोजली गेली ती मेल्यावर. साहेब लिहीत होता आणि शिपाई मोठ्यानं सांगत होता, मेंढरं एवढी, घोडं एक, बाई एक. मेंढरांचा आकडा मी इथंही लिहीत नाही. पण तेव्हापासून कुणी 'किती' म्हटलं की मला त्या यादीतली सखू दिसायची, घोड्याच्या खालच्या ओळीत.

बाईंनी खोडरबर माझ्या हातून घेतला आणि ते वाक्य स्वतःच खोडलं. म्हणाल्या, "सहकार्य मी केलं नाही. चूक माझी." पट्टी आणि चिंचोके खणात गेले ते कायमचे. एवढी शिकलेली बाई माझ्यासमोर चूक म्हणते, ह्याचीच मला त्या दिवशी लाज वाटली. आता वाटत नाही. आता वाटतं, ती खरी शिकलेली होती.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मग संध्याकाळी एखादं मेंढरू मागं राहिलं तर न मोजता कळतं कसं?"

"तोंडावरनं. पोरं घरात आली न्हाईत तर कळतं का न्हाई? कोण आलं न्हाई, ते लगेच दिसतंय."

त्या दिवसापासून बाई आकड्याऐवजी हे विचारू लागल्या. "आज कोण कोण आलं? कोण आलं नाही?" आणि मला उत्तर देता यायला लागलं. भूक आली. झोप मागं राहिली. हसू कडेकडेनं आलं. हाक आली नाही. बाई लिहून घ्यायच्या. इतर पेशंटांनाही त्या तसंच विचारू लागल्या, असं मला तिथल्या मावशींनी सांगितलं. कुपवाडचा एक रिक्षावाला म्हणे म्हणाला, "माझ्यातलं तर कुणीच आलं न्हाई बाई, मी एकटाच आलोय." त्यावर बाईंनी त्याला चहा पाजला.

पावसाळा तोंडावर आला होता. आमचं बिऱ्हाड माळाकडं निघायचं होतं आणि मी अजून ते एक सांगितलं नव्हतं. बाईंना कळलं होतं की काहीतरी राहिलंय. पण त्यांनी ते मागितलं नाही. एका मंगळवारी म्हणाल्या, "हौसाबाई, जे सांगत नाही आहात ते सांगू नका. मला फक्त एवढं कळू द्या, न सांगण्यानं राखण कुणाची होतेय?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं वाट नव्हती. खुरं, शिंगं, भाकरी, काहीच उपयोगाचं नव्हतं. मी दाराकडं बघितलं. ते बोटभर उघडं होतं. म्हणून मी बसून राहिले.

"भावजींची," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. रस्ता, वळण, हाक. सखे, ये, हे दोन शब्द त्यांच्यासमोर कुजबुजून म्हटले.

माझी खात्री होती की आता त्या म्हणणार, तुमची चूक नव्हती. भाऊ म्हणाला असता, मालक म्हणाले असते, कुणीही म्हणालं असतं. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. म्हणाल्या, "वर्षभर एकटीनं राखलंत हे." मी विचारलं, "माझी चूक हाय का?" तेव्हा म्हणाल्या, "मी नाही म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही. माझा तिथं हक्क नाही, मी त्या रस्त्यावर नव्हते. जो होता त्याला विचारायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही विचारलंत तरी तुम्ही मला तेवढ्याच जवळच्या." त्या दिवशी कागद फिरवला तेव्हा तो कोरा होता. म्हणाल्या, "हे मी लिहिलंच नाही."

राग आला मला त्यांचा. एक शब्द दिला असता तर काय गेलं असतं, असं वाटलं. पण तो शब्द त्यांनी दिला असता तर मी तो घेऊन घरी आले असते, ताइतासारखा गळ्यात घातला असता आणि भावजींच्या समोर कधी गेले नसते. हे मला नंतर उमगलं.

त्याच महिन्यात बाई निवृत्त झाल्या. साताऱ्याला बहिणीजवळ राहायला जाणार होत्या. शेवटच्या मंगळवारी मी चोळीचा खण घेऊन गेले. त्यांनी तो कपाळाला लावून घेतला आणि मला एक जाड वही दिली, शिसपेन्सिल आणि खोडरबरासकट. "ही कुणाला दाखवायची नाही. मला पण नाही." मी त्यांचा फोन नंबर मागितला. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "नको. बरं झालं तर कळवायचं, नाही झालं तर कळवायचं, हे ओझं तुमच्या डोक्यावर नको. निरोप आला नाही की मी चांगलंच धरीन." मग त्या पायानं टेबलाखाली चपला शोधू लागल्या. एक सापडली, एक सापडेना. मी वाकून काढून दिली. माणूस शेवटचं भेटतं तेव्हा मोठं काही होतं असं नाही.

बिऱ्हाड तेव्हा मिरजेच्या पुढं एका मळ्यात बसलं होतं. मी एसटीनं तिथं गेले. मालक पाणी आणायला गेले होते. भावजी एका मेंढीच्या पायातला बाभळीचा काटा काढत बसले होते. मला बघून म्हणाले, "आलात व्हय वैनी? जरा मुंडी धरा हिची, लय हालतीया."

मी मुंडी धरली. दोन्ही हात अडकलेले, पळायला जागा नाही. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"भावजी, त्या दिशी सखूला हाक म्या मारली हुती."

त्यांनी वर बघितलं नाही. सुई काट्याच्या कडेनं फिरवत राहिले. "व्हय. ऐकली की."

माझे हात सुटले. मेंढी उठायला लागली. "धरा, धरा," ते म्हणाले. मी पुन्हा धरली.

"तुमी ऐकली हुती?"

"मागनं मी बी रस्ता बघितला हुता. मोकळाच हुता वैनी. तुमी हाक मारली नसती तर म्या हाळी दिली असती, चल म्हणून." काटा निघाला. त्यांनी तो तळहातावर घेतला, बघितला, टाकला. "मला वाटायचं, तुमाला इचारलं तर तुमाला वाटंल मी दोष द्याय लागलोय. म्हणून गप बसलो. आन् तुमचा आवाज गेल्याला बघून आनिकच गप बसलो."

म्हणजे दोघं वर्षभर एकमेकांची राखण करत होतो, आणि मी सांगलीला जाईपर्यंत एकाच चुलीवर जेवत होतो. मेंढी उठून गेली आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. भावजी सखूविषयी बोलायला लागले. ती भाकरी करताना पुटपुटायची, तिला घोड्याची भीती वाटायची आणि तरी घोडं तीच धरायची, असलं. मालक पाणी घेऊन आले तेव्हा आम्ही रडत होतो का हसत होतो ते त्यांना कळेना. ते घागरी खाली ठेवून आमच्यात येऊन बसले.

हाक लगेच आली नाही. आठेक दिवसांनी एकदा निघाली, पण इतकी फाटकी की एकाही मेंढरानं वळून बघितलं नाही. कुत्रं तेवढं आलं, तेही जरा संशयानं. भावजी म्हणाले, "ह्ये कुनाचं कोकरू वराडतंय?" मी दगड उचलल्याचं नाटक केलं.

मग आम्ही माळाकडं निघालो. पहिला डांबरी रस्ता आला. भावजी म्हणाले, "वैनी, तुमी जाता का पलीकडं?" मी म्हटलं, "न्हाई. आज न्हाई." "बरं," म्हणाले आणि स्वतः गेले. दुसऱ्या रस्त्यालाही मी न्हाई म्हटलं. पुन्हा "बरं." त्या वेळी मला बाईंची फार आठवण झाली. त्यांना न भेटलेला माणूस त्यांच्यासारखाच वागत होता. दावं ढिलं सोडायचं आमच्या लोकांना माहीत असतंच, मेंढरांच्या बाबतीत. माणसांच्या बाबतीत तेच करायचं असतं, हे मला सांगलीला जाऊन कळलं.

तिसऱ्या रस्त्याला मला कुणी विचारलं नाही. मी आपली निघाले आणि पलीकडं जाऊन उभी राहिले. सकाळची वेळ होती, ऊन चांगलं पडलं होतं. मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पुन्हा डावीकडं बघितलं. एक ट्रॅक्टर होता, तो जाऊ दिला. एक मोटारसायकल होती, तीही जाऊ दिली. पलीकडं घोडं भावजींच्या हातात होतं आणि ते माझ्याकडं बघत होते. रस्ता मोकळा होता. आत कुणी दावं आवळत नव्हतं.

मी हाक मारली. भावजींनी इकडं तिकडं न बघता घोड्याचा लगाम धरला आणि माझ्या हाकेवर सरळ रस्त्यात पाऊल टाकलं.